भरती किती वाजताची?

मी सेमाडोहच्या शाळेत गणित आणि भूगोल शिकवतो. हे दोन विषय ज्याला येतात तो माणूस निदान समुद्रात तरी अडकायला नको, असं तुम्हांला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं.

सेमाडोह पाहिलेला माणूस आधी हेच विचारेल की तुमचा आणि समुद्राचा संबंध काय. परतवाडा सोडलं, घटांगचा घाट चढून उतरलं, एसटीतल्या निम्म्या प्रवाशांच्या माना खिडकीबाहेर जाऊन आत आल्या, की सिपना नदीच्या काठी आमचं गाव लागतं; चहूकडे सागवान, मोबाईलला रेंज आली तर आली, आणि 1973-74 साली देशात जे पहिले 9 व्याघ्रप्रकल्प झाले त्यांतल्या एकाच्या, म्हणजे मेळघाटाच्या, पोटात आम्ही बसलेलो. पण भूगोलाच्या मास्तराला जवळ-लांब असं काही नसतं. सिपना तापीला मिळते, तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते, तेव्हा आपल्या पुलाखालून जातं ते पाणी समुद्राचंच आहे, फक्त अजून पोचायचंय, असं मी दरवर्षी पोरांना छाती पुढे काढून सांगतो. तापीची लांबी 724 किलोमीटर, महाराष्ट्राचा किनारा पुस्तकात 720 किलोमीटर. म्हणजे आपली नदी 4 किलोमीटरने पुढेच आहे, असा निकालही मी फळ्यावर देऊन टाकलेला आहे.

बरं, खाऱ्या पाण्याचं म्हणाल तर माझी सासुरवाडी दर्यापूरची. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला, जिथे पूर्वीपासून विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा चहात गडबडीने साखरेऐवजी मीठ पडलं असावं असं समजून, नव्या नवरीच्या माहेरची लाज राखावी म्हणून मी तो कप डोळे मिटून संपवला. तर जावयाला चहा फार आवडला म्हणून दुसरा आला. तेव्हापासून खाऱ्या पाण्याला मी भीत नाही.

राहिले मासे. प्रकल्पाच्या हद्दीत नदीत गळ टाकायला बंदी आहे आणि मी कायदा पाळणारा माणूस आहे. ‘बंदी नसती ना, तर दाखवलं असतं,’ हे वाक्य मी स्टाफरूममध्ये सिपनेकडे पाहत इतक्यांदा म्हटलंय की नवे शिक्षक मला जुना शिकारी समजतात. त्या कायद्याने जनावरांचं किती रक्षण केलं हे वनखातं सांगेल, माझ्या अब्रूचं मात्र नक्की केलं. प्रत्यक्षात मासे मारण्याचा माझा अनुभव म्हणजे मोर्शीजवळचं सिंभोऱ्याचं धरण. तिथे तिखट लावून तळलेला रोहू मिळतो. तो मी मारतो.

हे सगळं असंच सुखाने चाललं असतं, पण आमच्या मुलीने पुण्यात शिकता शिकता मालवणचा मुलगा पसंत केला. मुलगा गुणी, घरचे लोक त्याहून गुणी. व्याही दर्यावर वाढलेले, गाबीत घराण्यातले, रापणीत त्यांचा पिढीजात वाटा. लग्नाच्या पंगतीत ते माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी अगदी सहज विचारलं, “मास्तरानू, तुमच्याकडे गरवतात काय?” गरवतात म्हणजे गळ टाकून मासे धरतात का. आता तिथे ‘नाही’ म्हणायचं होतं. पण पंगतीत मुलीकडचा माणूस पुरणपोळीने आधीच जड झालेला असतो, त्यात समोर दोन्हीकडचे पाहुणे. मी म्हणालो, “व्याहीबुवा, आम्ही वाघाच्या जंगलात राहतो. मासा काय घेऊन बसलात!” त्यांनी आदराने विचारलं, “वाघ दिसता?” मी वरणावर तुपाची धार घेत म्हणालो, “वाघाचं काय, आमच्याकडे रोजचंच आहे.”

“मगे शिमग्याक येवा,” व्याही म्हणाले. “गरवूक जावया.”

मेळघाटात होळी म्हणजे कोरकूंचा सगळ्यांत मोठा सण. त्या पाच-सहा दिवसांत शाळेत मास्तर असला काय, नसला काय, वर्गात फक्त बाकं असतात. त्यामुळे रजेचा प्रश्न नव्हता. प्रश्न सामानाचा होता. अमरावतीच्या एका दुकानात गेलो आणि ‘समुद्रात मासे धरायचे आहेत’ एवढंच म्हणालो, तर दुकानदाराने माझ्याकडे अशा काही मायेने पाहिलं की मी एकात एक सरकणारी काठी, तिचं रीळ, रंगीत प्लॅस्टिकचे मासे, कानावर पडदे असलेली टोपी आणि मोजता येणार नाहीत इतक्या खिशांचं एक जाकीट घेऊन बाहेर पडलो. गळांची पुडी मी त्यांतल्या एका खिशात ठेवली. कोणत्या, ते विसरलो. पुढे बदनेऱ्याहून निघाल्यावर रात्री कूस बदलताना ती सापडली.

सराव करावा म्हणून मी एका रविवारी अंगणात उभा राहिलो. काठी मागे न्यायची, झटक्याने पुढे आणायची आणि नेमक्या क्षणी रिळावरचं बोट सोडायचं, असं दुकानदाराने दाखवलं होतं. फाल्गुनाचं कोवळं ऊन, सौभाग्यवतीने बाजेवर जुनं लुगडं अंथरून कुरडया घातलेल्या. मी काठी मागे नेली, झटक्याने पुढे आणली, बोट सोडलं नाही. दोरी गेली नाही, पण मागे काहीतरी जड लागलं म्हणून मी जिद्दीने ओढलं, आणि लुगडं, त्यावरच्या अर्ध्या ओल्या कुरडया आणि कडेला वाळत ठेवलेलं मुगवड्यांचं ताट असं सगळं माझ्या डोक्यावरून पुढे आलं. ती दारात उभी होती.

“काऊन जी,” ती शांतपणे म्हणाली, “समुद्रात कुरडया असतात काय?”

“सराव करतो.”

“तुमाले पवता येत नाही, सायकल धड येत नाही, अन् निंघाले मासोया धराले. जाजा बाप्पा. पण पोरीच्या सासरी हे खिशाचं घालून फिरू नोका.”

घालून फिरलो. त्याशिवाय स्टाफरूममध्ये प्रत्येकाला एकेक पापलेट आणायचं कबूल करून बसलो, कारण ‘सर, खरंच धरणार का?’ असं एका नव्या मॅडमनी मोठ्या डोळ्यांनी विचारलं होतं.

प्रवासाचं फार सांगत नाही. सेमाडोहहून निघाल्यावर पोरांनी रस्त्यावर आडवी काठी धरून फगवा मागितला, तो दिला. अमरावतीहून मुंबई, मुंबईहून कोकण रेल्वेने कुडाळ, आणि कुडाळहून मालवणच्या वाटेवर तिकडच्या पोरांनी शबय मागितली, तीही दिली. महाराष्ट्र दोन्ही टोकांना एकच आहे, हे मला सुट्ट्या पैशांवरून पटलं. काठी मात्र सगळ्या वाहनांत आडवी आली.

मालवणात चिवल्याच्या किनाऱ्याजवळ व्याह्यांचं घर. दुसऱ्या दिवशी सकाळी रापण होती. रापण म्हणजे काय ते मला भूगोलाच्या पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं. एक होडी लांबलचक जाळं घेऊन समुद्रात जाते आणि अर्धवर्तुळ घालून परत किनाऱ्याला लागते. जाळ्याची दोन टोकं वाळूवर, दोन्हीकडे माणसांच्या दोन रांगा, आणि मग ते अख्खं अर्धवर्तुळ हळूहळू ओढत आणायचं. जो दोराला हात लावेल त्याला थोडा का होईना वाटा मिळतो, मग तो घरचा असो की वाटेवरचा. हे मला फार आवडलं. वाटा आधी ठरलेला असला की कामात मन लागतं.

मी जाकीट घालून रांगेत शिरलो. दोर ओला आणि खरखरीत, पायाखाली वाळू सरकतेय, पुढचा म्हातारा लयीत मागे झुकतोय, मीही झुकतोय. फक्त तो झुकला की दोर मागे यायचा आणि मी झुकलो की मी पुढे जायचो. थोड्या वेळाने माझ्या चपला समुद्रात होत्या आणि मी पोटरीपर्यंत पाण्यात.

“मास्तरानू,” व्याही वरून ओरडले, “दोर वडूचो आसता, धरून ठेवूचो नाय!”

जाळं आलं. आत चांदी उसळावी तशी तारली, पेडवे, थोडे बांगडे, मुडदुशा, आणि कोपऱ्यात एक मिशीवाला मासा तोंड उघडझाप करत पडलेला. इतक्या गर्दीत कुणीतरी मिशीवालं दिसलं म्हणून मला आपलेपणा वाटला. मी त्याला पाठीवर थोपटायला गेलो. तो शिंगाळा होता. त्याच्या पाठीच्या परात काटा असतो आणि काट्यात विष असतं, ही माहिती मला माझ्या तर्जनीकडून मिळाली. मी जे ओरडलो ते वऱ्हाडीत होतं म्हणून बरं. किनाऱ्यावर बायका होत्या. घरी विहीणबाईंनी सोसवेल इतकं गरम पाणी पातेल्यात आणलं आणि त्यात बोट बुडवून बसायला सांगितलं. शिंगाळ्याच्या काट्यावर तोच खरा उपाय. उष्णतेने त्या विषाचा जोर मोडतो. तर असा मी पाटावर, बोट पातेल्यात, आणि शेजारी ताटलीत माझा वाटा. चार तारल्या. त्यांतली एक मांजराने माझ्यासमोर नेली आणि मला उठता येईना.

त्या रात्री होळी पेटली. होळीपाशी उभं राहून व्याह्यांनी मला भरतीचं गणित सांगितलं, आणि इथून पुढे जे झालं त्याला ते गणित जबाबदार नाही हे मी आधीच सांगून ठेवतो. गणित सुरेख आहे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, जेवढं उत्तर येईल तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. वद्यात पुन्हा एकपासून मोजायचं. घड्याळ नको, मोबाईल नको, कालनिर्णय पुरे. माझ्यातला गणिताचा मास्तर मोहरून गेला. उद्या वद्य प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण. म्हणजे भरती पाऊण वाजता. दुपारी पाऊण वाजता! मी मनाशी ठरवलं की सकाळी साडेसहाला ओहोटीच्या वेळी खडपावर जाऊन बसायचं, बाराला गाशा गुंडाळायचा आणि भरती यायच्या आत घरी येऊन जेवायला बसायचं. व्याह्यांना पालखीच्या तयारीला जायचं होतं. म्हणून सोबत त्यांचा नातू. तो तिसरीत आहे.

रॉक गार्डनच्या बाजूला काळे खडप आहेत. ओहोटी इतकी लांब गेली होती की समुद्राने गाव सोडलं की काय असं वाटावं. शेवाळावरून घसरत, दोनदा बसत, एकदा लोळत मी अगदी टोकाच्या उंच खडकावर पोचलो, डबा उघडला, काठी लांब केली आणि आमिष काढलं. इथे मला माझी एक खास युक्ती सांगायला हवी. येताना मी गेल्या सालची वाळवलेली मोहाची फुलं पुडीत बांधून आणली होती. ज्या मोहावर मेळघाटातली अस्वलं जीव टाकतात, माणसांचं तर विचारूच नका, त्या मोहाला समुद्रातला मासा नाही कसा म्हणेल? नातवाने फुलाचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि आपली कोळंबी आपल्या गरीला लावून, साध्या दोरीने, माझ्या मागे बसून दोन बोटभर मासे काढले. मी त्याला ‘लहान मासे धरू नयेत’ असा पर्यावरणाचा धडा दिला.

“आबा, पाणी येतंय,” तो थोड्या वेळाने म्हणाला.

“लाट आहे ती, बाळा. भरती पाऊण वाजता आहे.”

“आबा, येतंय हां.”

“गणित केलंय मी.”

पोरगं समजूतदार. ‘आई ओरडेल’ म्हणून आपले मासे घेऊन उड्या मारत परत गेलं. मी बसलो. तर मंडळी, पाऊण वाजताची भरती आणि पाऊण वाजताची एसटी या निराळ्या गोष्टी आहेत. एसटी पाऊणला येते म्हणजे त्याआधी ती नसते. (पाऊणनंतरही पुष्कळदा नसते, ते सोडा.) भरती पाऊणला म्हणजे पाऊणला पाणी पुरतं भरलेलं असतं, ते भरायला लागलेलं असतं सहा तास आधीपासून, म्हणजे मी डबा उघडला त्याच सुमारास. पहिल्या तासात चढ कळतही नाही, तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र पाणी नुसतं धावतं. त्यात पौर्णिमेच्या लागूनचा दिवस. चंद्र-सूर्य एका रेषेत, समुद्राला उधाण. हे उधाणाचं चित्र मी फळ्यावर रंगीत खडूने काढतो. चंद्र पिवळा, पृथ्वी निळी, आणि त्या निळ्या गोळ्यावर एखादा मास्तर बसलेला असेल हे कधी डोक्यात आलं नाही.

माझं काय झालं, मी जन्मभर नदी पाहिली. सिपना कितीही माजली तरी तिचं एक बरं असतं, गेलेलं पाणी ती परत आणत नाही. इकडे मी पाठमोरा बसलेलो, आणि पाणी मागच्या घळीतून, चोरपावलांनी, माझ्या आणि मालवणच्या मधे येऊन बसलं. डबा तरंगायला लागला तेव्हा मी वळून पाहिलं.

मदतीसाठी ओरडायचं तर काय म्हणून ओरडावं हा प्रश्न पडला. ‘वाचवा’ म्हणावं इतकं पाणी नव्हतं, न म्हणावं इतकं कमीही नव्हतं. एवढ्यात खडपावरून कालवं काढून परत निघालेली एक म्हातारी बाई दिसली. कमरेला पदर खोचलेला, एका हातात कोयती, दुसऱ्या हातात टोपली, आणि कमरेएवढ्या पाण्यातून ती बाजाराला निघाल्यासारखी चाललेली.

“ओ भाऊनू, भरती इली! बसलास कित्याक? उतरा!”

“मला पोहता येत नाही, आजी.”

“खयचे तुम्ही?”

“मेळघाटातला. तिकडे लांब, वाघाच्या जंगलातला,” मी म्हणालो. अशा वेळीही माणूस आपली ओळख देताना काटकसर करत नाही.

तिने जरा विचार केला. “वाघाक पवाक येता?”

“येतं की. उत्तम पोहतो वाघ.”

“मगे तुमका?”

याला उत्तर नव्हतं. तिने टोपली डोक्यावर ठेवली, मोकळ्या झालेल्या हाताने माझं जाकीट मागून धरलं, आणि त्या असंख्य खिशांच्या जाकिटाचा तेवढा एकच उपयोग झाला. किनाऱ्यावर नातू, मुलगी, विहीणबाई, पालखीचे दोन मानकरी आणि कामधंदा नसलेले पर्यटक उभे होते. मी कमरेपर्यंत भिजलेला, टोपीचे पडदे कानावर, आणि हातात मोहाच्या फुलांची ओली पुडी. “काही लागलं का हो गळाला?” असं एका पर्यटकाने विचारलं. म्हातारीने माझ्याकडे बोट दाखवलं.

एवढ्यावर थांबणारा माणूस शहाणा. मी व्याह्यांच्या ओळखीच्या होडीतून दुसऱ्या दिवशी पहाटे आत गेलो, म्हणजे किल्ल्याच्या मागे, किनारा दिसेल इतकंच लांब. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे ते मतलई वारे, दुपारी समुद्राकडून येणारे ते खारे वारे, असं मी पोरांकडून घोकून घेतो. पहाटे मतलईवर निघायचं आणि दुपारचा वारा चढायच्या आत परतायचं, हे होडीवाल्याला कुणी घोकायला लावलेलं नव्हतं. सिंधुदुर्ग उजाडताना पाहिला. 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी तो बांधला, आणि त्याच्या आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे समुद्र आणि मधे गोडं पाणी! आणि आमच्या दर्यापुरात समुद्राचा पत्ता नाही तर विहिरीला खारं. सासऱ्यांनी जागा चुकीची निवडली, असा विचार मनात आला, पण तेवढ्यात पोटात दुसरंच काही आलं.

चालत्या होडीत मी बरा होतो. होडी थांबवून नांगर टाकला आणि ती जागच्या जागी वर-खाली व्हायला लागली, तसा घटांगचा घाट मला मायेचा वाटू लागला. आदल्या रात्रीची सोलकढी, सकाळचे घावणे, सगळं मी अरबी समुद्राला अर्पण केलं. गंमत म्हणजे त्या जागी लगेच छोटे मासे जमले. “बरा झाला,” होडीवाला मनापासून म्हणाला, “ह्यां चांगला आमिष.” माझ्या कुठल्याही कृतीची त्या दौऱ्यातली ही पहिली स्तुती.

त्याने मला काठी बाजूला ठेवायला लावली आणि हातात शिसं बांधलेली साधी दोरी दिली. मी हळूच विचारलं, “पापलेट किती वेळात लागेल? मला दहा-बारा हवेत.” होडीत शांतता पसरली. मग त्याने लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं की पापलेट गरीक लागणा नाय. ते जाळ्यात सापडतं, गळाला तोंडच लावत नाही. मला स्टाफरूम दिसली, मोठ्या डोळ्यांच्या मॅडम दिसल्या, आणि पुन्हा पोटात कालवलं. मग तो त्याच्या दुःखाचं बोलत राहिला, रात्री एलईडीचे झगझगीत दिवे लावून मोठ्या बोटी मासा गोळा करून नेतात. त्यावर 2017 पासून बंदी आहे पण समुद्रात पाटी कोण लावणार. किनाऱ्याजवळच्या लहान होडीला उरतं काय. आणि 1 जूनला पावसाळी बंदी लागली की 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटीही बंद. तो पोटातून बोलत होता. मीही मान डोलावत होतो, पण खरं सांगतो, मनात मी ही सगळी कारणं स्टाफरूमसाठी ओळीने लावून ठेवत होतो.

आणि तेवढ्यात दोरी ओढली गेली! मी शेवटचा उपाय म्हणून चोरून गरीला मोहाचं फूल लावलं होतं. दोन्ही हातांनी, गुडघ्यांनी आणि थोडी दातांनी मी ती दोरी वर घेतली. वर आला तो मासा तळहाताएवढा, डोळे मोठे, दात सशाचे. होडीत पडला आणि माझ्या डोळ्यांदेखत फुगायला लागला. फुगत फुगत पांढऱ्या पोटाचा चेंडू झाला. मला वाटलं मोह चढला.

“केंड!” होडीवाला म्हणाला. “टाका तो पाण्यात. खाऊचो नाय, विषारी आसता.”

“फोटो तरी...”

“चावता. बोट तोडीत.”

तर्जनीला आधीच फडकं बांधलेलं होतं. मी आग्रह सोडला. केंड पाण्यात पडला, क्षणभर उलटा तरंगला, मग हवा सोडून आपल्या वाटेने गेला. दोरी वर घेतली तर गरीच नव्हती; त्याने ती जाता जाता कापून नेली होती.

परतताना मालवणच्या बाजारात पापलेटाचा भाव विचारला आणि सुके बांगडे घेतले, थोडा जवळाही. कागदात, मग प्लॅस्टिकमध्ये, मग त्या जाकिटात गुंडाळून मी ते आणले. तरी रात्रीच्या गाडीत आमच्या डब्यातली माणसं एकेक करून दाराशी हवा खायला गेली आणि मला कधी नव्हे ती आडवं व्हायला पूर्ण जागा मिळाली. परतवाड्याला एसटीच्या कंडक्टरने पिशवीचं वेगळं तिकीट काढायचं का, असा विचार चेहऱ्यावर आणून सोडून दिला.

स्टाफरूममध्ये सगळे ताटल्या घेऊन बसल्यासारखे बसले होते. मी घसा साफ केला आणि सांगितलं की पापलेट हा 2023 पासून महाराष्ट्राचा राज्य मासा झालेला आहे, आणि राज्य मासा असा पिशवीत कोंबून, एसटीच्या टपावर टाकून आणणं माझ्या मनाला पटेना. मॅडमना ते पटलं. इतिहासाच्या सरांनी मात्र राज्यप्राणी शेकरू आणि राज्यपक्षी हरियाल यांच्याबद्दल माझं मत काय, हे उगाचच विचारलं. बांगडे सगळ्यांना वाटले. गावातल्या कुत्र्यांनी तो आठवडा शाळेच्या आवारात काढला.

आता खरी गोष्ट. काल पुलावर उभा होतो तर नेमकी रेंज आली आणि व्याह्यांचा फोन लागला. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्याजवळ मचाणावर बसवतात, चांदण्यात जनावरं पाहायला मिळतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ते येतायत. सहकुटुंब. मचाणासाठी नाव नोंदवायचं त्यांनी माझ्यावर सोपवलंय, आणि सोबत माझंही नाव घालायला सांगितलंय.

“वाघ दाखवचो हां, मास्तरानू,” ते म्हणाले. “तुमचो काय, रोजचोच.”

मी ‘हो हो’ म्हणालो. वाघ मी आजवर पाहिला तो नागपूरच्या महाराजबागेत, पिंजऱ्यात. आणि तोही झोपलेला होता.